मुंबई ते गुहागर सायकलने, किनाऱ्याने. मार्ग हवा आहे (जरा घाई आहे)

डबलसीट
नमस्कार मंडळी. शिमग्याला गावी सायकलने जायचंय. लालबागहून निघायचं, गाव गुहागरच्या थोडं अलीकडे. दोघे आहोत. मॅपवर टाकलं की तो पनवेल, पेण, महाड, चिपळूण असा हायवेच दाखवतो. मला हायवे नकोय, समुद्र हवाय. खाड्या कुठून कुठे ओलांडायच्या, रोज किती अंतर धरायचं, मुक्काम कुठे, एवढंच सांगा. जुने धागे चाळले, निम्म्यांतले फोटो उडालेत आणि उरलेले सगळे थेट गोव्याला पोचलेत. पालखी घरी यायच्या आत पोचायचंय, तारीख हलणार नाही. हेल्मेट घाला वगैरे सल्ले नकोत, प्लीज.

खाडीपलीकडे
सायकली कोणत्या? दिवस किती? परत कसे येणार? हे नसेल तर काय सांगणार.

वेगवान_७२
अटल सेतूवरून जा, अर्ध्या तासात पलीकडे. पुढे पेणमार्गे अलिबाग.

गिरगावची_पोर
@वेगवान, अटल सेतूवर सायकल सोडत नाहीत. बाइकसुद्धा नाही. २०२४ मध्ये उघडला तेव्हापासून नाही. लालबागहून भाऊचा धक्का हाकेवर आहे, तिथून रो-रोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मांडवा. सायकल ढकलत आत न्यायची, तासाभरात उतरायचं. मुंबईतून बाहेर पडायची यापेक्षा सोपी वाट नाही.

सड्यावरचा
मी तीनदा केलंय हे. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशिद, मुरुड. आगरदांडा ते दिघी बोट. मग दिवेआगर, तिथून आरवी-कोंडविलच्या रस्त्याने श्रीवर्धन (हा टप्पा चुकवाल तर आयुष्यभर पस्तावाल), हरिहरेश्वर. बागमांडला ते वेश्वी दुसरी बोट. केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. दाभोळ ते धोपावे तिसरी बोट, की तुम्ही गुहागर तालुक्यात. स्टीलची फ्रेम असेल तर काहीच काळजी नाही. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी आपापलं बघावं.

चाकधर
झालं यांचं स्टीलपुराण सुरू. मी अ‍ॅल्युमिनियमवर गोव्यापर्यंत गेलोय, काही मोडलं नाही.

सड्यावरचा
पाठ विचारा की स्वतःची.

मोदकप्रिय
दिघीच्या जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या बोटीत) एर्टिगा जाते का? आम्ही सात जण आहोत.

डबलसीट
@सड्यावरचा, धन्यवाद, हेच हवं होतं. दिवस चार. माझी हायब्रिड आहे, गिअर पुढे ३ मागे ७. परतीचं बघू नंतर.

खाडीपलीकडे
आणि दुसऱ्याची?

चाकधर
चार दिवस पुरे आहेत, दिवसाला ७०-८० ची सरासरी आरामात बसते. मार्चमध्ये दुपारी वायव्येचा वारा सुटतो. तुम्ही दक्षिणेला चाललाय, म्हणजे पाठीवर घ्यायचा. दुपारी बारानंतरच खरी मजा.

गिरगावची_पोर
मार्चमध्ये, कोकणात, दुपारी बारानंतर! सड्यावर (उघड्या कातळपठारावर) सावली म्हणजे एखादं काजूचं झाड, तेही कुणाच्या तरी कुंपणाआत. पहाटे साडेपाचला निघा, अकराच्या आत टेका, चारनंतर पुन्हा. वारा चारलाही असतोच.

चाकधर
ज्याला सवय नाही त्याने पहाटे निघावं.

डबलसीट
दुसरे माझे बाबा. वय ६५. सायकल त्यांची स्वतःची, बावीस इंची अ‍ॅटलस. मिलमध्ये बदलीवर होते ८२ च्या संपापर्यंत, नंतर वर्षानुवर्षं पेपरची लाइन टाकली ती याच सायकलवर. अजूनही रविवारी धक्क्यावर मासळी आणायला तिच्यावरूनच जातात. माझी दुसरी सायकल देतो म्हटलं तर "तुझ्या सायकलला स्टँड नाही, कॅरिअर नाही, ती सायकल कसली" म्हणाले. मनात आलं होतं पण धाग्यात लिहिलं नाही, कारण लिहिलं की सगळे नको म्हणतील.

खाडीपलीकडे
म्हणजे गिअर नाही, आणि ब्रेक रॉडचे. हे पहिल्या ओळीत हवं होतं, भाऊ. सत्तर-ऐंशीची सरासरी विसरा.

पेपरवाला_नाही
अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद झाला. तोही जागतिक सायकल दिनाला, ३ जूनला. काय वाईट वाटलं होतं. आमच्याकडे एक होती, मागच्या मडगार्डवर बाबांनी रंगाऱ्याकडून नाव लिहून घेतलेलं. भंगारवाल्याने वजनावर नेली.

वेगवान_७२
काकांना ई-बाइक घेऊन द्या. प्रश्नच मिटला.

गिरगावची_पोर
तीन जेट्या आणि दापोलीच्या चढावर तीस किलोचं धूड ढकलणार कोण? आणि त्यांना स्वतःची सायकल हवी आहे, वाचा की जरा.

खाडीपलीकडे
नको कुणी म्हणत नाही, पण काही गोष्टी ऐका. कोकणातला रस्ता म्हणजे खाडीला उतरा, बोट घ्या, सड्यावर चढा, परत खाडीला उतरा. बाबांना चढाचा त्रास नाही, चढ आला की उतरून ढकलायचं, त्यात लाज कसली. घात आहे तो उतारात. रॉडच्या ब्रेकची रबरं रिमला आतून दाबतात आणि ती सळी जुनी झाली की मूठ पूर्ण आवळूनही अर्धाच दाब पोचतो. धक्क्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर हे कधी कळत नाही. चारही रबरं नवी घाला, सांध्यांना तेल द्या. रबरावर मात्र थेंबही नको. दापोलीहून दाभोळला उतरताना दोघांनीही पायी उतरा, जिथे उतार डोळ्यांना सरळ खाली दिसतो तिथे तरी.
कॉटर पिनचा (पेडलचा दांडा घट्ट धरणारी खीळ) एक जोड खिशात असू द्या. पेडल मारताना "टक" असा आवाज आला की पिन सैल. हातोडी नसली तरी दगडाने बसते.
गंमत म्हणजे पंक्चरची काळजी तुम्ही करायची, त्यांनी नाही. २८ बाय दीडची ट्यूब कोकणातल्या कुठल्याही नाक्यावर मिळेल. तुमच्या हायब्रिडची बारीक वॉल्व्हवाली ट्यूब अलिबाग सोडलं की कुणी पाहिलेलीही नसेल. दोन-तीन सोबत घ्या.

डबलसीट
कॉटर पिनचं बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हा माणूस सायकलवाला आहे."

चाकधर
काशिद आणि दिवेआगरला ओहोटीच्या वेळी पुळणीवरून चालवा. ओली वाळू सिमेंटसारखी टणक असते. फोटो भारी येतात.

सड्यावरचा
आणि चेन दोन दिवसांत लाल. मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय, श्रीवर्धनला सकाळी चेन वळेना, कड्या चिकटलेल्या. गेलातच तर मुक्कामावर आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल द्या, मग चहा.

भरतीओहोटी
वाळूचा विषय निघालाच आहे तर एक राहिलंय. होळी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण. ढोबळ हिशोब असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तुम्ही दाभोळला शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला पोचलात तर पाणी तळाला गेलेलं असेल. अशा वेळी बोटीला थांबावं लागू शकतं, आणि उघड्या पडलेल्या रॅम्पच्या खालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं. सायकल हातात धरून, पाय आडवे टाकत उतरा. मी तिथे घसरलोय, सायकल वर आणि मी खाली. दुपारच्या आत पोचणं उत्तम.

मोदकप्रिय
शेवाळावर एर्टिगा घसरेल का?

कोकणातली_वहिनी
हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका! आणि घरगुती जेवण हवं असेल तर सकाळीच फोन करून सांगा, आयत्या वेळी ताट मिळत नाही. शिमग्याला तर निम्मी घरं पालखीच्या गडबडीत असतात. सोलकढी मात्र बघून प्या, काही ठिकाणी गुलाबी रंगच जास्त.

सड्यावरचा
सोलकढीवर वेगळा धागा काढा ताई, तिथे येतो.

खाडीपलीकडे
@डबलसीट, चार दिवसांत बसवायचंच असेल तर आदल्या दिवशी अर्धी सुट्टी टाका. दुपारच्या रो-रोने मांडवा, रात्री अलिबाग किंवा नागाव. ते वीसेक किलोमीटर सपाट आहेत, बाबांची सायकल काय म्हणते ते तिथेच कळेल. काही बिघाड निघाला तर अलिबागला दुरुस्त होईल. मग पहिला दिवस मुरुड, दुसरा श्रीवर्धन, तिसरा आंजर्ले, चौथा घर. तिसरा दिवस सगळ्यात कठीण, त्या दिवशी कुठे रेंगाळू नका. आता परतीचं सांगा. दोन सायकली कशा आणणार? शिमग्यानंतर चिपळूणहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत माणसाला उभं राहायला जागा नसते. सायकल ब्रेकव्हॅनला लावायची तर आधी पार्सल ऑफिसात बुकिंग, आणि गाडी थांबते तेवढ्यात ती चढली पाहिजे.

वेगवान_७२
येताना हायवेने या, आता झालाय चांगला.

पेपरवाला_नाही
२०११ पासून ऐकतोय की झालाय.

डबलसीट
परतीचं आत्ताच बाबांशी बोललो. ते म्हणाले, मी परत कुठे येतोय लगेच? मे महिन्यापर्यंत राहणार आहेत, कौलं शाकारायची आहेत. आणि सायकल गावीच ठेवणार, कायमची. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे माझी एकच आणायची आहे, ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकेन, पुढचं चाक काढून.
रबरं उद्या बदलतो. अर्ध्या सुट्टीचा अर्ज टाकलाय.

गिरगावची_पोर
मग रविवारी मासळी आणायला कोण जाणार?

डबलसीट
मी. कॅरिअर बसवून घ्यावं लागेल.

मोदकप्रिय
एर्टिगाचं कुणीच सांगितलं नाही.