विषय: १९९५ ची ई३२० वॅगन, डिफरन्शियलमध्ये कुठलं ऑइल घालू?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगचे मेल चालू असताना मध्येच गाडीचं विचारतोय, पण लिस्टवर जाणती माणसं आहेत म्हणून. शेजारच्या आजोबांनी गाडी चालवणं बंद केलं आणि त्यांची १९९५ ची मर्सिडीज ई३२० वॅगन मी घेतली, डब्ल्यू१२४ सिरीजची, सरळ सहा सिलिंडरवाली. गाडी अगदी निगुतीने ठेवलेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या, पण डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल बदलल्याची एकही पावती नाहीये. एका शॉपमध्ये विचारलं तर म्हणाले ते लाइफटाइम असतं, हात लावू नका. म्हटलं आपणच करू, आणि पार्ट्सच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या पोराने तीन बाटल्या पुढे ठेवल्या, एक ८०डब्ल्यू-९० जीएल-४, दुसरी ७५डब्ल्यू-१४० आणि तिसरी ७५डब्ल्यू-९० जिच्यावर लिमिटेड स्लिप असं लिहिलंय, आणि वर म्हणतो कुठलीही चालेल. कुठलीही कशी चालेल? शिवाय हायवेला ५०-५५ च्या स्पीडला मागून बारीक घूंऽ असा आवाज येतो, तो नवीन ऑइलने जाईल का? थंडीच्या आत उरकायचंय. कृपया मार्गदर्शन करा.

— ईगनकर

उत्तर:

अरे नव्वद नंबर टाक आणि मोकळा हो. कोल्हापूरला आमच्या गॅरेजमध्ये फियाट असो, अँबेसिडर असो, डिफरन्शियलला नव्वद नंबर आणि ट्रकला एकशेचाळीस, एवढंच ठाऊक होतं आणि गाड्या वर्षानुवर्षं चालल्या. तुझ्या मर्सिडीजच्या पुस्तकातसुद्धा नव्वद नाहीतर ८५डब्ल्यू-९० च लिहिलेलं असणार, उघडून बघ. फक्त ते "लाइफटाइम" वगैरे ऐकू नकोस, तीस वर्षं जुनं ऑइल कसलं चांगलं राहतंय, काढून टाक.

— प्लिमथवाले काका

उत्तर:

काका, नव्वद बरोबरच आहे, पण ते कोल्हापूरला पुरतं. इथे मिनेसोटात त्या नव्वदच्या आधीचा आकडा जास्त महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नोकरीभर गिअर आणि बेअरिंगच्या लुब्रिकेशनचंच काम केलंय आणि या विषयावर लोकांच्या गळ्यात काहीही मारतात त्याची मला फार चीड आहे.

पहिलं म्हणजे जीएल-४ ची बाटली परत कर (जीएल-४, जीएल-५ म्हणजे गिअर ऑइलचे दर्जे). तुझ्या गाडीचं क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं गिअर आणि त्याला फिरवणारं छोटं गिअर, हायपॉइड जातीचं आहे, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यावर न येता खाली सरकवलेला असतो. १९२० च्या दशकात पॅकार्डने ही पद्धत गाड्यांमध्ये आणली ती यासाठी की इंजिनाकडून मागे ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट खाली गेला की गाडीची फरशीही खाली घेता येते. पण त्याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, पाट्यावर वरवंटा ओढावा तसे दाबून घसरतात. तिथे साध्या ऑइलचा थर टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसचे अ‍ॅडिटिव्ह घालतात, दाब आणि उष्णता वाढली की ते पोलादाच्या पृष्ठभागाशी संयोग करून एक पातळ थर बनवतात आणि झिजायचं ते त्या थराने झिजतं, दात वाचतात. जीएल-५ मध्ये हे अ‍ॅडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. जीएल-५ पितळ खातं असं तू ऑनलाइन वाचशील, ती काळजी जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंगांसाठी (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्यांसाठी) रास्त आहे, पण डिफरन्शियलमध्ये सिंक्रो रिंगच नसते, तेव्हा ती भीती इथे आणायचं कारण नाही. डिफरन्शियलला जीएल-५, यावर चर्चा नको.

आता आकडे. ७५डब्ल्यू-९० मधला ९० हा ऑइल गरम झाल्यावरच्या जाडीचा, आणि तो बघून घाबरू नकोस, गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे, इंजिन ऑइलच्या भाषेत ते ४०-५० च्या आसपास येतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ऑइल किती थंडीपर्यंत १,५०,००० सेंटीपॉइजच्या (सेंटीपॉइज हे घट्टपणाचं माप) आत राहतं ते तो सांगतो, कारण त्याहून घट्ट झालं तर पिनियनच्या बेअरिंगपर्यंत ऑइल वेळेत पोचत नाही आणि बेअरिंग कोरडं फिरतं. ही मर्यादा ८५डब्ल्यूला उणे १२ सेल्सियसला येते, ८०डब्ल्यूला उणे २६ ला, ७५डब्ल्यूला उणे ४० ला. आता आठवा, २०१९ च्या जानेवारीच्या शेवटी मिनीअ‍ॅपोलिसला पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे उणे ३३ सेल्सियस. रात्रभर ड्राइव्हवेवर उभी असलेली गाडी सकाळी ८५डब्ल्यू-९० वर काढायची म्हणजे पहिले काही मैल त्या बेअरिंगचे हालच. उणे १२ तर आपल्याकडे जानेवारीत रोजचं. पुस्तकात ८५डब्ल्यू-९० लिहिलंय ते चूक नाही, मर्सिडीजनेही नंतरच्या गाड्यांना सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० द्यायला सुरुवात केलीच. गरम झाल्यावर दोन्ही ९० च असतात, फरक फक्त सकाळचा.

७५डब्ल्यू-१४० थंडीत चालेल पण घेऊ नकोस. ते जड ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी ठीक. तुझ्या गाडीला त्याने फक्त जास्त घुसळण, जास्त उष्णता आणि पेट्रोलला थोडी जास्त भूक. आवाज दाबायला म्हणून काही लोक १४० घालतात, तसं करून गाडी विकतातही, ते मला अजिबात पटत नाही.

राहिलं लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरायला लागलं तरी दुसऱ्यालाही ताकद पोचवणारं डिफरन्शियल. ते ठरवायला आधी तुझं डिफरन्शियल कुठलं ते बघ. मागची दोन्ही चाकं जॅक स्टँडवर घे, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि हा मागच्या चाकांवरचा ब्रेक सोडलेला असल्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेतच, ते विसरू नकोस. एक चाक हाताने फिरव. दुसरं उलट फिरलं तर साधं म्हणजे ओपन डिफरन्शियल, त्याच दिशेने फिरलं तर क्लच प्लेटवालं. मर्सिडीजचं एएसडी नावाचं हायड्रॉलिक लॉक होणारंही असे, ते या टेस्टमध्ये कळत नाही, म्हणून डेटा कार्डवरचे, म्हणजे गाडीत कंपनीने काय काय बसवलंय त्या यादीतले, ऑप्शन कोडही ताडून बघ.

— ब्लूमिंग्टनहून

उत्तर:

ताईंनी सांगितलंय त्यात भर घालतो कारण माझ्याकडे दुसऱ्या जातीचं आहे. माझी जॅग्वार एक्सजेएस आहे, तिला पॉवरलॉक म्हणजे क्लच प्लेटवालं लिमिटेड स्लिप. आधीच्या मालकाने त्यात साधं जीएल-५ भरलं होतं, तर पार्किंग लॉटमध्ये हळू वळताना मागून घडघड घडघड, जणू काही सुटलंय. कारण प्लेटा एकमेकींवर गुळगुळीत घसरायला फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, तो नसला की चिकटतात-सुटतात. लिमिटेड स्लिपचं ऑइल भरलं, रिकाम्या लॉटमध्ये इंग्रजी आठच्या आकारात फिरवली, आवाज गेला. माझ्या हाऊसिंगला खाली ड्रेन प्लग नाही, फिलरच्या भोकातून पंपाने ओढून काढावं लागतं, त्यामुळे घाईने भरून चुकलं तर डबल काम. आधी टेस्ट करच.

— एडिनाकर

उत्तर:

काका, ताई, दादा, मनापासून आभार. टेस्ट केली, दुसरं चाक उलटं फिरलं, आणि डेटा कार्डवर लॉकिंग डिफरन्शियलचा कोड नाहीये. म्हणजे ओपन. मग तिसरी बाटली, ती ७५डब्ल्यू-९० जीएल-५ लिमिटेड स्लिपवाली, घेतली तर चालेल का, कारण ती सिंथेटिक आहे आणि आणलेलीच आहे? आणि आवाज अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी तसाच राहतो. अजून एक, मागच्या बाजूला खाली थोडं ओलसर दिसतंय, कुठल्या ऑइलचं ते कळत नाही.

— ईगनकर

उत्तर:

चालेल. ओपन डिफरन्शियलला मॉडिफायरची गरज नाही पण त्याने अपायही होत नाही. एक लिटरच्या थोडं वर जातं, तेव्हा दोन बाटल्या लागतील, एकीत भागणार नाही.

आवाजाचं ऐक. क्राऊन-पिनियनचा आवाज बहुतेक वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो. तुझा बदलत नाही, म्हणून रिकाम्या रस्त्यावर त्याच स्पीडला गाडी हलकी डावी-उजवीकडे झुकव, आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग. नव्या गुळगुळीत डांबरावर गेल्यावर बदलला तर टायर. ऑइल बदलून झिजलेलं बेअरिंग किंवा दात परत येत नाहीत, जो कोणी तसं सांगेल त्याला पैसे देऊ नकोस.

ओलाव्याचं, बोटाने पुसून वास घे. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो लपत नाही. वास नसेल तर वॅगनच्या मागच्या सेल्फ-लेव्हलिंग सस्पेन्शनचं हायड्रॉलिक ऑइल असू शकतं, ती यंत्रणा वेगळी आणि तिचं ऑइलही वेगळं, डिफरन्शियलशी संबंध नाही. वास आला तर आधी ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलचं हवा जायचं भोक, तुंबलाय का बघ, तो तुंबला की आत दाब वाढून सील गळतात. आणि कोणी पिनियनचा नट आवळून गळती थांबवतो म्हणाला तर तिथून गाडी घेऊन निघ, त्या नटावर बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला नेमका दाब, ठरलेला असतो, तो बिघडला तर गळतीपेक्षा मोठं दुखणं मागे लागेल.

काम करताना आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून ऑइल गरम कर, मग चारही स्टँडवर सपाट घे. वरचा फिलर प्लग आधी उघडायचा. आधी खालचा उघडून ऑइल सांडून बसलास आणि वरचा निघालाच नाही तर गाडी जागेवरच अडकली. दोन्ही १४ मिमी हेक्सचे आहेत, आतली माती तारेने खरवडून काढ, हेक्स हातोडीने टोकून पूर्ण बसव, अर्धवट बसला तर कडा गोल होतात. निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर थोडं ओतून बघ. बारीक करडी चिकट पेस्ट असणारच, एवढ्या वर्षांची आहे. चमकणारे तुकडे बोटाला लागले तर भरायच्या आधी मला फोटो पाठव. दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. नवीन ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या काठाशी येऊन बाहेर ओघळेपर्यंत भर, थेंब थांबले की प्लग लाव. जुनं ऑइल डकोटा काउंटीच्या रीसायकलिंग झोनला नेऊन दे, ते तुझ्या ईगनमध्येच आहे.

— ब्लूमिंग्टनहून

उत्तर:

१४ चा हेक्स आणि लांब दांड्याचा पाना माझ्याकडे आहे, दुकानात मिळेल तो लहान दांडा घेऊ नकोस, तीस वर्षांचा प्लग त्याने हलणार नाही. शनिवारी सकाळी चहाला ये आणि घेऊन जा, नाहीतर मीच येतो, ऑइल कसं निघतंय ते मलाही बघायचंय. आणि ताई, थंडीचं पटलं, माझ्या गाडीतही यंदा ७५डब्ल्यूच घालतो.

— प्लिमथवाले काका