मॅकची दोन फोर्कची फाइल मोडीत काढली, ते चुकलंच

नारायणपेठी
ॲपलच्या जुन्या मॅक संगणकांवर, म्हणजे 1984 पासूनच, एका फाइलला दोन भाग असत, त्यांना फोर्क म्हणत. डेटा फोर्कमध्ये सलग बाइट्स. रिसोर्स फोर्कमध्ये आयकॉन, मेनू, डायलॉग, फॉन्ट, आवाज. प्रत्येक तुकड्याला चार अक्षरांचा प्रकार आणि एक क्रमांक. सुरुवातीला तर प्रोग्रॅमचा कोडही तिथेच असायचा. मेनूचे शब्द बदलायचे तर सोर्स कोड लागत नसे, रेसएडिट या रिसोर्स बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि बदला. शिवाय फाइल कुठल्या प्रोग्रॅमने बनवली याचा कोड डिस्कवरच्या नोंदीत असे, त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन फाइली आपापल्या प्रोग्रॅममध्ये उघडत. 2009 च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या सिस्टिमने तो कोड बघणंच सोडलं. इतकी विचारपूर्वक केलेली रचना टाकून आपण एक्स्टेन्शनवर, म्हणजे फाइलच्या नावामागच्या शेपटीवर, येऊन बसलो.

छापखाना_सदाशिव
अहो, ती रचना मॅकच्या बाहेर पडली की संपत होती! छपाईच्या जुन्या टाइप 1 फॉन्टची अक्षरं सगळी रिसोर्स फोर्कमध्ये, डेटा फोर्क रिकामा. पीसीवर कॉपी केली की शून्य बाइट. आणि आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळीकडे एकच अक्षरक्रम असलेले, नव्हेत, प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी. फॉन्ट गेला की अख्खा दिवाळी अंक वाचता न येणारी चिन्हं होऊन बसतो. हे मी आमच्याकडे पाहिलंय. मेनू बदलण्याची सोय मला काय कामाची?

नारायणपेठी
तो दोष कॉपी करणाऱ्याचा. मॅकबायनरी आणि बिनहेक्स त्यासाठीच होते, दोन्ही भाग एकत्र बांधून पाठवायला. आणि ही कल्पना एकट्या ॲपलची राहिली नाही. 1993 पासून विंडोजच्या एनटीएफएस या डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीतही एका फाइलला डेटाचे अनेक प्रवाह जोडता येतात. 'ही फाइल इंटरनेटवरून आली' ही खूण आजही तिथेच ठेवतात.

छापखाना_सदाशिव
बरोबर, पण ती खूण हरवली तर काही बिघडत नाही. हरवलं तरी चालेल तेवढंच बाजूच्या कप्प्यात ठेवावं. फॉन्टची अक्षरं तिथे ठेवणं मला आजही बेजबाबदार वाटतं.

कोथरूडकर_कोडर
काका, मेनूचा मुद्दा मॅक ओएस एक्सने 2001 मध्येच सोडवला. ॲप म्हणजे एक फोल्डर, आत साध्या फाइली, भाषेगणिक वेगळं उपफोल्डर. कुठल्याही डिस्कवर न्या, काही गळत नाही.

नारायणपेठी
ॲपपुरतं मान्य. पण फोल्डर हेच डॉक्युमेंट असेल तर ईमेलने जाताना झिप करावं लागतंच ना? म्हणजे बांधाबांध आलीच.

छापखाना_सदाशिव
झिप कुठेही उघडतं, बिनहेक्स उघडायला माणूस शोधावा लागतो. असो. ज्यांच्याकडे जुने अंक पडलेत त्यांनी एवढं करा: 800 केबीच्या फ्लॉपी साध्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचल्या जात नाहीत, चालू स्थितीतला जुना मॅक गाठा. एकेक फाइल ओढू नका, पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. आणि पेनड्राइव्हवर ठिपका-अधोरेखेने (._) सुरू होणाऱ्या फाइली दिसल्या तर कचरा समजून उडवू नका, रिसोर्स फोर्क त्यांतच असतो.