मायकल जॅक्सन नुसता बघायचा की ऐकायचाही? जुन्या कोल्हापूरकरांनी सांगा

नववी गल्ली

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत एका डान्स क्लासला शिकवतो. २५ जूनला मायकलचा स्मृतिदिन, त्यासाठी पोरांचा छोटा कार्यक्रम बसवायलोय. २००९ ला तो गेला तेव्हा मी दुसरीत होतो, त्यामुळं माझा मायकल सगळा यूट्यूबवरचा. पोरांना मूनवॉक येतोय, टोपी-हातमोजा सगळं जमलंय. पण परवा एका मुलीनं विचारलं, "सर, हा माणूस एवढा मोठा का होता?" मी व्हिडिओ लावले, तर ते तिनं आधीच बघितलेले. ज्यांनी तो असताना ऐकलाय त्यांनी सांगा: तुमच्यापर्यंत कसा आला, आणि त्याच्यामुळं तुमचं काय बदललं?

ऑक्टापॅडवाला, मंगळवार पेठ

भावा, त्या मुलीला माझा नमस्कार सांग. तिच्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत निम्मंच आहे.

आपल्याकडं मायकल पायांतनं आला. गॅदरिंगला, गणपतीपुढं, लग्नाच्या वरातीत, प्रत्येक पेठेत एकजण तरी 'मायकल' असायचाच. केबलवर एमटीव्ही दिसायला लागलं तेव्हा तर पोरं कुणाच्या तरी घरी टीव्हीपुढं ठिय्या मारून बसायची. पुढं प्रभुदेवा आला आणि आणखी जोर चढला. सगळं छान होतं, पण त्या नादात गाणं मागं पडलं. आजही मायकल म्हटलं की लोक उठून मागं मागं सरकत दाखवतात. त्याचा आवाज कसा होता ते कुणी बोलत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. माणूस आधी गाणारा होता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, गॅरी नावाच्या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात वाढला, भावांबरोबर लहानपणापासून गायला, आणि १९६९-७० मध्ये जॅक्सन फाइव्हची, म्हणजे त्या भावांच्या बँडची, पहिली चार गाणी ओळीनं अमेरिकेत एक नंबरला गेली तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता.

मी बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो. त्याच्याआधी तबला शिकलो. मामा मुंबईला नोकरीला होते, त्यांनी 'थ्रिलर'ची कॅसेट भरून आणली होती. १९८२ चा अल्बम आमच्या घरात पोचेपर्यंत बरीच वर्षं गेली होती. 'बिली जीन' सुरू झालं आणि मी टेपजवळ सरकलो. सुरुवातीला फक्त ड्रम. मग खालून बास येतो. मग बारीक कॉर्ड. गाणं तोंडातनं यायला जवळजवळ अर्धा मिनिट जातो! निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात लांबलेली वाटत होती, कापायची होती. मायकल म्हणाला, हे ऐकूनच तर मला नाचावंसं वाटतंय. मग ती तशीच राहिली. ड्रमवर एंडुगू चान्स्लर, बासवर लुई जॉन्सन. ही नावं पोरांना सांग, कारण नाचताना ते ह्या दोघांच्या खांद्यावर उभे असतात.

ऐकायला सोपा ठेका आहे. ड्रमचे तीन आवाज, किक, स्नेअर, हायहॅट, संपलं. पण तो पाच मिनिटं एक केसभर न हलता धरून दाखवा. आम्हा वरातीतल्या वाजवणाऱ्यांना दर चार आवर्तनांनी काहीतरी तोडा मारल्याशिवाय चैन पडत नाही. त्या गाण्यानं मला थांबायला शिकवलं. आजही नवीन पोरगं पार्टीत आलं की मी त्याला पहिल्यांदा हाच ठेका देतो, आणि सांगतो, काही भरू नकोस.

आता खरी गोष्ट. मायकलला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. गाणं डोक्यात आलं की बास, ड्रम, कॉर्डचे सूर, सगळं तोंडानं म्हणून टेप करायचा, आणि वादकांनी ते ऐकून वाजवायचं. १९९३ ला ओप्रा विन्फ्रेच्या मुलाखतीत त्यानं बसल्या जागी तोंडानं ताल धरून दाखवला, तो मी नंतर कधीतरी बघितला. बघता बघता आमचे तबल्याचे गुरुजी डोळ्यांपुढं आले. हात लावायच्या आधी बोल म्हण, जे जिभेवर नाही ते बोटात येणार नाही, असं ते सांगायचे. मायकल करत होता ती पढंतच, म्हणजे ताल आधी तोंडानं म्हणणं. कुठं इंडियाना आणि कुठं मंगळवार पेठ! त्या दिवसापासून तो मला परका वाटला नाही.

त्याच्या गाण्यात मधे मधे जे हुंकार, उचक्या, चुटक्या, श्वास येतात ना, ते शोभेला टाकलेले नाहीत. हेडफोन लावून ऐका, प्रत्येक श्वास मात्रेवर पडतो. 'बीट इट'मध्ये ड्रम ठेवायच्या पेटीवर मारायचं काम त्यानं स्वतः केलंय, तसं श्रेयात छापलंय. 'वॉना बी स्टार्टिन समथिंग'मध्ये लाकडी फळीवर पाय आपटलेत. 'स्मूथ क्रिमिनल'साठी त्याच्या हृदयाचे ठोके टेप करून घेतले होते. अंगातली प्रत्येक गोष्ट त्याला वाद्य होती.

तो गेला तेव्हा तिकडं २५ जूनची दुपार आणि आपल्याकडं २६ ची पहाट होती. वय पन्नास. लंडनचे कार्यक्रम जुलैत सुरू व्हायचे होते, आदल्या रात्री तालीम केली होती. त्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर आम्ही 'बिली जीन' घेतलं. कॅसिओवर बास, बेंजोवर चाल, मी पॅडवर, आणि ताशा पहिल्यांदा पूर्ण बंद ठेवला. मिरवणुकीत ताशा बंद म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पापाच्या तिकटीपर्यंत पोरांनी सोडलं नाही, पुन्हा पुन्हा तेच मागितलं. शेवटी ताशा उघडला तेव्हा जो दणका उठला, तसा मी नंतर कधी ऐकला नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेस

ऑक्टापॅडवाले दादा, वाचून अंगावर काटा आला. पण पाय वगळून चालणार नाही, एवढं मी म्हणेन.

१ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल. मी कॉलेजला होते. दादाबरोबर रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला गेले, आईला पटवायला आत्यानं मदत केली. विमानतळावर सोनाली बेंद्रेनं नऊवारी नेसून त्याला ओवाळलं होतं, ते फोटो सगळ्या पेपरांत आले. मैदानात आम्ही लांब होतो, तो बोटाएवढा दिसत होता. 'बिली जीन'च्या आधी तो एक बॅग घेऊन एकटाच चालत आला. बॅग उघडली, चमकता शर्ट काढला, हातमोजा काढला, शेवटी टोपी. गाण्याचा एक सूरही लागलेला नव्हता आणि अख्खं मैदान किंचाळत होतं. मीसुद्धा. इंग्रजी गाण्यांतलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं. त्याच्या नुसत्या उभं राहण्यातनं मला सगळं कळलं.

माझ्यापुरतं विचाराल तर, पोरींनी चारचौघांत नाचायचं नसतं असं वातावरण आमच्या घरी होतं. परत आल्यावर चुलतभावाच्या हळदीत मी नाचले, आणि बाबा काही बोलले नाहीत.

ऑक्टापॅडवाला, मंगळवार पेठ

ताई, तुम्ही नशीबवान. आणि तुमचं म्हणणं मान्य. पण तो बॅग कशी उघडत होता आठवा: एक वस्तू, थांबा, दुसरी वस्तू, थांबा. लोक किती वेळ दम धरतील याचं माप त्याच्याकडं होतं. तो तालच आहे, फक्त आवाज नाही.

शाहूपुरी तिसरी

सगळं ठीक, पण त्याच्यावरच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचं काय? मुलांपुढं त्याचा कार्यक्रम करताना हा विचार करायला नको का?

ऑक्टापॅडवाला, मंगळवार पेठ

करायलाच पाहिजे. २००५ ला ज्युरीनं त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. २०१९ च्या माहितीपटात दोघांनी लहानपणी अत्याचार झाल्याचं सांगितलं, त्याच्या कुटुंबानं ते नाकारलं. ज्याला ही गाणी आता ऐकवत नाहीत त्याच्याशी मी वाद घालत नाही, त्याचं दुखणं खरं असू शकतं. मी ऐकतो. मोठ्या पोरांनी विचारलं तर दोन्ही बाजू सरळ सांगाव्यात, लपवू नयेत.

नववी गल्ली

सगळ्यांचे आभार. दादा, मग क्लासमध्ये नेमकं काय करू? पंधरा पोरं आहेत, सगळ्यात लहान आठ वर्षांचं.

ऑक्टापॅडवाला, मंगळवार पेठ

पहिले दोन दिवस नाच बंद. गोल करून खाली बसव. निम्म्यांनी तोंडानं ड्रम म्हणायचा, निम्म्यांनी बास. मिनिटाला साधारण ११७ ठोके, मोबाइलवर मेट्रोनोम लाव. तो प्रश्न विचारणारीला मधल्या चुटक्या आणि श्वास दे, ते सगळ्यात अवघड आहेत आणि तिचे कान उघडे दिसतात. जमलं की उभं कर. मग पाय आपोआप हलके पडतील. आणि 'थ्रिलर'वरच थांबू नको, १९७९ चा 'ऑफ द वॉल' पण ऐकव, त्यात तो मोकळा हसत गातोय.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकवू नकोस, बास मरतो. तुझ्याकडं नसेल तर आमच्या पार्टीचा एक स्पीकर देतो. बुधवारी सुपारी नाही, संध्याकाळी सहाला पॅड घेऊन येतो. नववी गल्ली म्हणजे मेन रोडकडनं आत यायचं की मागून?