मदत हवी आहे: कॅशलेस आरोग्य विम्याच्या पैशांचा मेळ कसा लावता?

नमस्कार मंडळी. आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल, बिलिंग मी बघते. 2024 पासून आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) नियमाने विमा कंपनीकडून डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत मिळायला हवी. पेशंटची सुटका झाली, चांगलंच आहे. पण मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत! हर्नियाच्या एका केसला 61,200 मंजूर, अडीच महिन्यांनी खात्यात आले 51,480. आकडेमोड केली तर आधी 4,000 कापलेत, मग उरलेल्यावर 10 टक्के टीडीएस. कापल्याचं कारण काय, तर पत्रात नुसतं ‘टॅरिफनुसार’ (म्हणजे ठरलेल्या दरांप्रमाणे). औषधवाला मात्र महिन्याला दारात उभा.

यूटीआर नंबर (बँकेत पैसे जमा झाल्याचा क्रमांक), विमा कंपनीचं सेटलमेंट पत्र आणि 26एएस (कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा उतारा) जुळवायला कोणी काय वापरतं? माझं एक्सेल आता दमलंय. आणि अशी कपात परत मागून कोणाला मिळाली आहे का?