मालिका एकच, पण आई वेगळी बघते आणि मी वेगळी

चिंचोका (धागाकर्ता)
'मालिकांनी घरंच्या घरं बिघडवली' असा मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मला हे पटत नाही. मालिका माणसाला घडवत-बिघडवत नाही, माणूसच तिला आपल्या घराच्या मापाची करून घेतो.

१९८०च्या दशकात इस्राएलमध्ये तामार लीबेस आणि एलिहू कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांनी 'डॅलस' ही अमेरिकी मालिका लोकांना गटागटानं, त्यांच्याच घरी दाखवली. टेक्सासमधलं तेलवालं श्रीमंत घराणं, भाऊबंदकी, लफडी. बघणारे कोण? अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियातून नुकतेच आलेले, किबुत्झवर (तिथल्या सामूहिक शेतीच्या वस्तीवर) राहणारे. भाग संपला की म्हणायचं, काय झालं ते सांगा. एका भागात त्या घराण्याची सून सू एलन नवऱ्याला सोडून, बाळाला घेऊन जुन्या प्रियकराच्या घरी जाते. त्या घरात त्याचे वडीलही असतात. एका अरब गटानं गोष्ट सांगितली ती अशी, की ती *आपल्या* वडिलांकडे गेली. नवऱ्याशी बिनसलं तर बाई जाणार कुठे? माहेरी! (आमची आत्याही डोळे मिटून हेच सांगेल.) रशियातून आलेल्यांचं तिसरंच. सोव्हिएत प्रचार ऐकून कान तयार झालेले, त्यामुळे गोष्ट बाजूला ठेवून ते 'हे लोक आपल्या गळी काय उतरवताहेत' हेच शोधत होते.

आता यात मालिकेचा परिणाम कुठला आणि बघणाऱ्याचा कुठला?

गावठी घड्याळ
गोष्ट कशी *सांगितली* यावरून माणूस बदलला की नाही हे कसं ठरवता? आत्याबाई माहेरी गेली म्हणतील, आणि सहा महिन्यांनी सुनेला पहिल्यांदा एकटीला बाजारात पाठवतील. तो परिणामच.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा २००९चा अभ्यास काढा. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपला गोवा इथली ग्रामीण कुटुंबं. २००१ ते २००३ मध्ये ज्या गावांत केबल नव्यानं आली, तिथल्या बायकांची उत्तरं बदलली. नवऱ्याची मारहाण योग्य मानणं कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, बाळंतपणंही कमी झाली. गावं एकमेकांपासून कितीतरी वेगळी, तरी बदलाची दिशा एकच. संस्कृतीच्या मापाची मालिका होत असती तर बिहारमध्ये एक आणि गोव्यात भलतंच दिसायला हवं होतं.

पोस्टकार्ड
माझं वय झालंय, म्हणून 'हम लोग' आठवतं. १९८४-८५, १५६ भाग, शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगायचे. मेक्सिकोतल्या मालिकांवरून स्फूर्ती घेऊन केलेला सरकारी प्रयोग होता तो. कुटुंबनियोजन, बायकांचा मान, असं सगळं गोष्टीतून शिकवायचं. त्यात सगळं मुकाट सोसणारी आई होती, भागवंती. 'अशा होऊ नका' हे सांगायला ते पात्र उभं केलेलं. आणि झालं काय? पुढे अभ्यासकांनी विचारलं तेव्हा कित्येक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली होती. आमच्या चाळीत तर 'बाई असावी तर भागवंतीसारखी' हे मी कानांनी ऐकलंय. सरकारनं खर्च केला कशासाठी आणि झालं काय! तेव्हा धागाकर्त्याशी सहमत.

गावठी घड्याळ
@पोस्टकार्ड काका, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. परिणाम झालाच की, फक्त उलटा.

चिंचोका
उलटा *का* झाला, हाच तर मुद्दा आहे ना राव. आणि जेन्सन-ऑस्टरबद्दल एक शंका. पाहणी करणाऱ्यापुढे काय बोलायचं ते केबलवर शिकलेली बाई घरात वेगळी वागेलच असं नाही.

गावठी घड्याळ
पाळणा लांबवणं हे पाहणीवाल्याला खूश करायला कोणी करत नाही.

वऱ्हाडी ठेचा
इस्राएल, मेक्सिको झालं असन तं जरा नागपूरले या. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका आमची म्हणे. पुण्यातल्या माझ्या रूममेटले ते भोळी, गोड वाटे, तिच्या बोलण्यावर खो खो हसे. इकडे माही माय टीव्हीसमोर बसून निस्ती चिडे, 'असं कोन बोलते वो आपल्याकडे?' नवरा अन् त्याची ते शनाया गेले चुलीत, ते राधिकाची भाषाच तपासत बसे. रूममेट गोष्ट पाहे, आमी आरसा पाहो, अन् आरसा वाकडा निघाला.

चिंचोका
@ठेचा, हे फारच बोललात. वेगवेगळ्या देशांत जायची गरजच नाही.

मीठभाकर
मला दोन्ही बाजू भाबड्या वाटताहेत. 'श्रीमोयी' बंगालीत आली २०१९ला. त्याच वर्षाच्या शेवटी तीच गोष्ट मराठीत 'आई कुठे काय करते', २०२०ला हिंदीत 'अनुपमा'. तिन्ही चालल्या. स्वयंपाकघरात गुंतलेली बाई, नवऱ्याचं बाहेर प्रकरण, घटस्फोट. आडनावं बदलली, सणावाराला साड्या बदलल्या, झालं. संस्कृती संस्कृती काय करताय? वाहिन्यांना पक्कं कळलंय की नऊवारी असो की लाल काठाची पांढरी, आतलं दुखणं एकच.

पोस्टकार्ड
दुखणं एकच म्हणून औषध एकच लागू पडतं होय? 'आई कुठे काय करते'तल्या अरुंधतीनं दुसरं लग्न केलं तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. सौ. म्हणाली 'बरं केलं'. वहिनींनी आठवडाभर मालिका बंद ठेवली. एकाच जातीच्या, एकाच वाड्यात नांदलेल्या जावा या.

मीठभाकर
बघा! म्हणजे संस्कृतीही नाही, माणूस-माणूस वेगळा. धाग्याचं शीर्षकच मोडलं.

गावठी घड्याळ
एक शेवटचं. फिजीत नाद्रोगा भागात १९९५ला टीव्ही आला. तिथे अंगानं भरलेली बाई म्हणजे सुदृढ, घर तिची काळजी घेतंय अशी. ॲन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ला शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधी शून्य, नंतर ११.३ टक्के. इतकी जुनी समजूत तीन वर्षांत हलली. चिंचोका, इथे कोणी कोणाला मापाचं केलं?

चिंचोका
हे ऐकून गप्प बसायला झालं, खरंच. फक्त एवढंच, की बारीक झालो तर पडद्यावरच्या बायकांसारखी नोकरी मिळेल, असं त्यातल्या काही मुलींनी सांगितलं होतं. काळजी त्यांची स्वतःची होती, रूप टीव्हीचं. पण मुली आजारी पडल्या हे खरंच, ते मी नाकारत नाही.

गावठी घड्याळ
मग तुमच्या आईंना विचारा अरुंधतीबद्दल, आणि प्रामाणिकपणे इथे लिहा.

चिंचोका
विचारलं. म्हणाली, "लग्नाचं मला काही पटलं नाही. पण गाणं परत सुरू केलं तिनं, ते छान." दोन वर्षांपूर्वी आईनं माळ्यावरची पेटी खाली उतरवून घेतली होती. मला वाटलं होतं भजनी मंडळाच्या बायका मागे लागल्या असतील. तेही विचारलं, तर म्हणे, "बायका कुठल्या? मीच म्हटलं."

पोस्टकार्ड
इतकी वर्षं माळ्यावर होती तर भाता गळत असेल. दुरुस्त करून घ्या आधी.