पोर्तुगालमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा रहिवासी असून गेली अठ्ठावीस वर्षे स्वतःची गाडी चालवीत आहे. येत्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीकडे लिस्बनला जाणार आहोत. तिथून सुमारे १३० किलोमीटरवरच्या एव्होराला भाड्याच्या गाडीने जायचे ठरले असून गाडी मलाच चालवायची आहे. सोबत चार वर्षांची नात असेल, म्हणून जिवाला घोर लागला आहे.

कागदपत्रे झाली आहेत. आरटीओत १००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. मूळ परवानाही सोबत नेणार आहे. नातीसाठी चाइल्ड सीट सांगून ठेवली आहे.

खरी अडचण हाताच्या आणि नजरेच्या सवयीची आहे. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक उजव्या बाजूला नेली, पण शेजारी ब्रिटिश मुलूख असल्यामुळे गोव्यात ती डावीकडेच राहिली. त्यामुळे पोर्तुगीज अमदानीत गाडी चालवलेल्या आमच्या वडिलांकडूनही याबाबत काही कानावर पडले नव्हते. पणजीच्या दिवजा सर्कलपाशी आलो की माझी नजर आपोआप उजवीकडे वळते. पोर्तुगालमध्ये मात्र सर्कलला उलट दिशेने फिरायचे आणि आत असलेल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. सध्या रोज संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीत डाव्या सीटवर बसून उजव्या हाताने गिअर टाकल्याची कल्पना करतो, परंतु पाय अधांतरीच राहतात. शिवाय तिथल्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते, म्हणजे वळताना माझ्याकडून वायपरच सुरू होणार, अशी धास्ती वाटते.

ज्यांनी तिथे प्रत्यक्ष गाडी चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावे की भाडे जास्त पडले तरी ऑटोमॅटिक गाडीच घ्यावी का, म्हणजे निदान उजव्या हाताची एक चिंता कमी होईल. तिथल्या काही महामार्गांवर टोलनाकाच नसतो, कॅमेरे गाडीचा नंबर टिपतात. त्यासाठी टोल आपोआप भरणारे 'विया वेर्द'चे यंत्र गाडीसोबतच मागून घेणे सोयीचे ठरते का? आणि गाडी लिस्बनच्या विमानतळावरच ताब्यात घ्यावी, की शहराबाहेरच्या एखाद्या शांत ठिकाणाहून रविवारी सकाळी घेऊन तासभर एकट्याने फिरवावी आणि मगच नातीला मागे बसवावे?