विषय: स्वागत-मालिका बदलतेय, पण मध्येच असलेल्या ६३ जणांचं काय?

प्रेषक: संपर्क समिती (यंदाची नवी)

नमस्कार मंडळी,

नवीन सभासदांना आपोआप जाणारी पाच ईमेलांची मालिका बहुधा सुरू केल्यापासून कुणी उघडून पाहिलेली नाही. तिसऱ्या पत्राखाली अजून जुन्या कार्यकारिणीची नावं आहेत आणि चौथ्यातली लिंक केव्हाच बंद पडली आहे. मी सात पत्रांची नवी मालिका लिहून ठेवली आहे. ‘पब्लिश’ दाबणार तेवढ्यात लक्षात आलं की आत्ता या मालिकेत ६३ जण आहेत. कुणाला कालच पहिलं पत्र गेलंय, कुणी शेवटच्याची वाट पाहतंय. बटण दाबल्यावर त्यांचं काय होईल?

मला सुचलेला सोपा उपाय: सगळ्यांना मालिकेतून काढते आणि नव्या मालिकेत पहिल्यापासून घालते. चालेल ना?

प्रेषक: माजी संपर्क प्रमुख

अगं थांब! आधी बटणावरचं बोट काढ.

हा सोपा उपाय मी एकदा करून बसले आहे. सगळ्यांना काढलं, पुन्हा घातलं, आणि झोपले. सकाळी उठून बघते तर नुकतीच वर्गणी भरलेल्यांना ‘अजून सभासद झाला नाहीत?’ असं पत्र गेलेलं. ते एक वेळ हसण्यावारी नेता येतं. पण एका गृहस्थांनी पत्नी गेल्याचं कळवून पत्रं थांबवा अशी विनंती केली होती. त्यांना दोघांच्या नावाने ‘सुस्वागतम्’ गेलं. मी फोन करून माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर मात्र साधनावर, म्हणजे आपोआप पत्रं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून आहे. काही साधनांत माणूस मालिकेत शिरताना त्या वेळच्या आराखड्याची प्रत घेऊन शिरतो. तू नंतर काहीही बदल, तो जुन्याच वाटेने जातो. काही साधनांत त्याच्याकडे फक्त खूण असते, पुस्तकात ठेवतो तशी: ‘हा तिसऱ्यानंतर थांबलाय.’ अशा ठिकाणी खुणेच्या पुढे घातलेलं पत्र त्याला मिळतं, मागे घातलेलं कधीच मिळत नाही. आणि तो ज्या पायरीवर उभा आहे तीच पुसलीस, तर कुठे तो पुढच्या पायरीवर सरकतो, कुठे तिथेच अडकतो, कुठे बाहेर फेकला जातो. मदत-पानावर एवढं बारीक लिहिलेलं नसतं. दोन चाचणीचे पत्ते घाल, एक अर्ध्यावर पोचू दे, मग बदल करून बघ.

थांबण्याचे दिवस हा दुसरा सापळा. तू दहा दिवसांचे चार केलेस, तर सहा-सात दिवस थांबलेले सगळे एकदम ‘मुदत झाली’ ठरू शकतात आणि एकाच तासात पत्रांचा लोंढा सुटतो.

म्हणून माझं मत: जुन्या मालिकेचं प्रवेशदार बंद कर, पण मालिका चालू ठेव. आत आहेत ते आपापल्या गतीने बाहेर पडतील. नवे लोक नव्या मालिकेत. जुन्यातली मेलेली लिंक आणि नावं तेवढी दुरुस्त कर. मजकूर बदलणं वेगळं, पायऱ्या हलवणं वेगळं. तुझी दोन जादा पत्रं जुन्यांना शेवटी एकदा साध्या ईमेलने पाठव.

आणि काहीही करण्याआधी यादी उतरवून घे: पत्ता, कितव्या पायरीवर, कधी शिरला, शेवटचं पत्र कधी गेलं, उत्तर आलं का, पत्रं बंद केली आहेत का. फाइलच्या नावात तारीख घाल. बऱ्याच ठिकाणी माणसाला मालिकेतून काढलं की तो कुठे होता हे मागाहून शोधणं अवघड जातं.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मला गेल्या सहा महिन्यांत स्वागताचं पत्र तीन वेळा आलं. मी मंडळाच्या पहिल्या बैठकीला खुर्च्या मांडायला होतो. एवढं स्वागत माझं तेव्हाही झालं नव्हतं.

प्रेषक: वेबसाइट सांभाळणारा

काका, माफ करा. तुमचे तीन पत्ते आहेत आमच्याकडे. बहुतेक साधनं पत्त्यावरून माणूस ओळखतात, त्यामुळे तुम्ही तिघे आहात. उलट नवरा-बायको एकच पत्ता वापरतात तिथे दोघं मिळून एक होतात, आणि दुसऱ्याने नोंदणी केली की पहिल्याचं नाव पुसलं जातं. मालिका बदलताना हे आधी निस्तरा, नाहीतर तीन काकांपैकी दोन जुन्या मालिकेत आणि एक नव्यात, असं होईल.

ताई, तुमच्या मताशी मी निम्मा सहमत. दोन मालिका शेजारी चालल्या की जुनी कुणी बंद करायची हे सगळे विसरतात. शिवाय दोन्ही मालिका ‘नवीन सभासद’ या एकाच टॅगवर (सभासदाच्या नोंदीला लावलेल्या चिठ्ठीवर) सुरू होत असतील, तर प्रत्येकाला दोन्हीकडून पत्रं जातील. नव्या मालिकेसाठी नवा टॅग करा. आणि ज्यांना फक्त पहिलंच पत्र गेलंय, त्यांना जुन्यात का कुजवायचं? त्यांना नव्याच्या दुसऱ्या पायरीवर आणा.

बंद केलेल्यांबद्दल. पत्रं नकोत हे सांगणं खात्याला लागू आहे की एका यादीपुरतं, ते तपासा. यादीपुरतं असेल आणि नवी मालिका नव्या यादीवर बांधली असेल, तर त्या यादीला या नकाराचा पत्ताच नसतो. जीमेल आणि याहू यांनी २०२४ पासून घाऊक पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बंद करण्याची सोय आणि तो नकार दोन दिवसांत पाळणं सक्तीचं केलंय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. जीमेल घाऊक म्हणतं ते दिवसाला साधारण ५,००० पत्रं किंवा त्याहून जास्त, आपण त्याच्या जवळपासही नाही. पण आपली यादी लहान, त्यामुळे दोन माणसं चिडली तरी टक्केवारी वर जाते.

जाता जाता: नव्या मसुद्यात ‘पत्र उघडलं नसेल तर आठवण पाठवा’ अशी अट दिसली. ती काढा. अॅपलच्या मेल अॅपमधल्या २०२१ च्या गोपनीयता सोयीपासून न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं दिसू शकतं. क्लिक किंवा उत्तर, यांवरच विसंबा.

प्रेषक: माजी संपर्क प्रमुख

पहिल्या पायरीवाल्यांचं मान्य. मधल्यांना हलवायचं नाही, यावर मी ठाम आहे. जुनी मालिका बंद करायची तारीख कॅलेंडरमध्ये घाला, दोघांच्या. एकाच्या घातली तर तो नेमका रजेवर असतो.

प्रेषक: संपर्क समिती (यंदाची नवी)

यादी उतरवली. काका आता एकच आहेत.

६३ पैकी ४ जणांनी पत्रं बंद केली आहेत, २ पत्ते चालत नाहीत. हे सहा कुठेच जाणार नाहीत. १९ जणांना फक्त पहिलं पत्र गेलं होतं. उरलेले ३८ मध्ये कुठेतरी.

‘उत्तर आलं’ या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. मला ते पटेना. दोन वर्षांत एकानेही उत्तर दिलं नाही? शोधल्यावर कळलं की उत्तरं मागच्या सचिवांच्या खाजगी पत्त्यावर जात होती आणि साधनाला त्याची खबरच नव्हती. म्हणून उत्तर देणाऱ्यांनाही मालिका पुढची पत्रं पाठवत राहिली. सचिवांना फोन केला, त्यांनी रात्री सगळी शोधून पाठवली. ६३ पैकी ९ जणांची निघाली, सगळी त्या ३८ मधली. हे ९ मालिकेतून काढले, आता हाताने उत्तरं देतेय. म्हणजे जुन्या मालिकेत २९ राहिले, १९ नव्या मालिकेच्या दुसऱ्या पायरीवर.

उत्तराचा पत्ता समितीचा केला आहे. चाचणीचे दोन पत्ते आत सोडलेत, ते नीट बाहेर पडले की नवी मालिका सुरू करते.

त्या नऊपैकी एका बाईंनी चार महिन्यांपूर्वी विचारलं होतं, ‘मला मंडळाच्या कामात मदत करायची आहे, कुणाशी बोलू?’ त्यानंतर त्यांना आपल्याकडून ‘स्वयंसेवक व्हा’ असं पत्र गेलंय. संध्याकाळी त्यांना फोन करतेय. ताई, तुम्ही सोबत लाइनवर याल का?